कार्डाचं कर्ज भिशीनं फेडलं

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आईच्या ऑपरेशनपायी क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये थकले. दरमहा ‘किमान रक्कम’ ३,००० भरत होते. एकदा स्टेटमेंट नीट वाचलं: महिना ३.५ टक्क्यांनी व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. मुद्दलातून जेमतेम ५२२ गेलेले! पोटात गोळाच आला.

आमची दहा जणींची ६,००० ची भिशी. पहिला नंबर शेजारच्या काकूंचा, माझा शेवटचा. “तू घे गं आधी,” एवढंच म्हणाल्या. त्याच दिवशी कार्ड फेडलं. मग रोज रात्री वहीत दूध, भाजी, रिक्षा, रविवारचे पोहे-जिलबीसुद्धा लिहायला लागले. हप्ता पगाराच्या दिवशीच हळदीच्या रिकाम्या डब्यात.

दहाव्या महिन्यात काकूंची भिशी मीच मोजून त्यांच्या हातात ठेवली.