नाईलकाठच्या लॉजवर राहताना या चुका टाळा

युगांडातील मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात मी महाराष्ट्रातील पर्यटकांचे गट घेऊन जाते आणि नाईलच्या काठावरील लॉजवर त्याच त्या चुका होताना पाहते. त्यांतील बहुतेक चुका अज्ञानापेक्षा उतावळेपणातून होतात, म्हणूनच त्यांचा अधिक त्रास होतो.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे अंधार पडल्यावर रखवालदाराशिवाय तंबूकडे निघणे. येथील अनेक लॉजना कुंपण नसते, कारण प्राण्यांच्या नदीवर येण्याजाण्याच्या वाटा तिथूनच जातात. पाणघोड्याची कातडी उन्हात लवकर कोरडी पडते, म्हणून तो दिवसभर पाण्यात राहतो आणि रात्री चरायला वर येतो. कोरड्या ऋतूत आजूबाजूचे गवत वाळलेले असताना लॉजची पाणी घातलेली हिरवळ त्याला सोडवत नाही.

एका मुक्कामात आमच्या गटातील एक जोडपे मोबाईलचा चार्जर आणण्यासाठी जेवणाच्या टेबलावरून परस्पर उठून गेले. अस्करी, म्हणजे तिथला रखवालदार, दुसऱ्या पाहुण्यांना पोहोचवून परत येईपर्यंत थांबण्याचा संयम त्यांच्याकडे नव्हता. परतताना पायवाटेलगत गवत ओरबाडल्याचा करकर आवाज त्यांना आला आणि मोबाईलच्या उजेडात पाणघोड्याची पाठ दिसली. त्याच्या एका बाजूला नदी होती, तर दुसऱ्या बाजूला हे दोघे. ते नदीच्या बाजूला असते, तर पाण्याकडे धावणाऱ्या जनावराच्या वाटेतच सापडले असते. दीड टनाचे ते धूड माणसापेक्षा वेगाने पळते. अस्करीने लांबून हलक्या आवाजात त्यांना झाडाआड थांबवले आणि जनावर चरत पुढे सरकेपर्यंत तिथून हलू दिले नाही. त्या बाईंचे हात दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरतानाही थरथरत होते.

तेव्हापासून मी जेवणापूर्वीच प्रत्येकाला चार्जर, औषधे, चष्मा, शाल असे सगळे एका पिशवीत बरोबर घ्यायला लावते. जेवण झाल्यावर अस्करी येईपर्यंत कोणीही खुर्ची सोडायची नाही, या नियमावर वयोवृद्ध काकाकाकू कधी कुरकुरत नाहीत. वाद घालतात ते नेहमी तरुणच.

दुसरी चूक प्रवासाआधीच होते. युगांडासाठी पिवळ्या तापाची लस आवश्यक आहे आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. तिकिटे, कॅमेऱ्याची लेन्स, टोप्या सगळे महिनाभर आधी घेणारी मंडळी लशीसाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात. वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात परतल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तेथील वेळ आधी घ्यावी लागते, त्यामुळे मी दोन महिने आधीची तारीख मागते आणि प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय नाव नोंदवत नाही. कोणाच्या ओळखीने काम होईल असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लॉज नदीच्या कोणत्या काठावर आहे, हे न पाहता खोली घेऊ नये. सिंह, जिराफ, हत्ती पाहण्याच्या मुख्य फेऱ्या उत्तर काठावर होतात आणि दक्षिणेकडे उतरलेल्यांना पहाटे पारा येथील नाईलवरचा पूल ओलांडून जावे लागते.

उद्यानाचे प्रवेशतिकीट चोवीस तासांचे असते. दुपारी प्रवेश केल्यास त्याच चोवीस तासांत धबधब्याच्या पायथ्यापर्यंतची नौकाफेरी आणि दुसऱ्या सकाळची सफारी, दोन्ही बसतात. सकाळी आत शिरून उन्हात झोपा काढणाऱ्यांचा दिवस वाया जातो.

निळे आणि काळे कपडे घालू नयेत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांकडे खेचल्या जातात. लाडू, चिवडा, फळे तंबूत ठेवू नयेत. बबून माकडे चेन उघडून आत शिरतात. नदीत पाय सोडून बसणेही टाळावे, कारण काठाशी मगरी असतात आणि पाण्यातून बिल्हार्झिया या परजीवी कृमींच्या रोगाची लागण होऊ शकते.

मलेरियाच्या गोळ्या घरी परतताच बंद करणे ही शेवटची चूक आहे. औषधाप्रमाणे त्या परतल्यानंतर आठवडाभर किंवा चार आठवडे घ्याव्या लागतात. त्यानंतरही काही महिन्यांत ताप आला, तर आपण युगांडात जाऊन आलो आहोत, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.