दिवस भरत आले की: कशासाठी थांबायचं, कशासाठी लगेच निघायचं

फाइलवर लिहिलेली बाळंतपणाची तारीख म्हणजे शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं थोडीच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, आणि तारीख उलटून चार दिवस गेले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. ४१ आठवडे होत आले की मात्र कळा आणण्याचं औषध द्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. ३६व्या आठवड्यानंतर तपासणी साधारण दर आठवड्याला असते. रक्तदाब, वजन, लघवीतलं प्रथिन, बाळाचे ठोके आणि बाळाचं डोकं खाली आहे का, हे पाहिलं जातं. बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर बाळंतपण कसं करायचं हे तेव्हाच विचारून घ्या. कळा सुरू झाल्यावर ती चर्चा नीट होत नाही.

या आठवड्यांत सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते बाळाच्या हालचालीकडे. ‘आता आत जागा नाही, म्हणून कमी हलतं’ असं घरोघरी ऐकायला मिळतं. हे चूक आहे, आणि या एका वाक्यापायी बायका रात्रभर थांबून राहतात. जागा कमी झाल्यामुळे हालचालीची जात बदलते. जोरदार लाथांऐवजी ढकलल्यासारखं, कुशीवर वळल्यासारखं वाटतं. पण हालचालींची संख्या घटायला नको. रोज एकाच वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि घड्याळ बघून मोजायला लागा. लाथ, ढोसणं, वळणं, प्रत्येकाचा एक आकडा. उचकी मोजायची नाही. दोन तासांत १० व्हायला हवेत. बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधीच होतात. झाले नाहीत, किंवा १० भरूनही ‘आज नेहमीसारखं नाही’ असं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. थंड पाणी किंवा सरबत पिऊन बाळाला ‘जागं’ करण्यात वेळ घालवू नका. हॉस्पिटलमध्ये पोटाला पट्टे लावून साधारण २० मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. सगळं ठीक निघालं तर घरी परत यायचं. अशी फेरी कधीच वाया जात नाही.

आता कळा. खोट्या कळांमध्ये पोट दगडासारखं कडक होतं आणि सुटतं, पण त्यांना ठरावीक अंतर नसतं. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली की बहुधा त्या विरतात. खऱ्या कळा बऱ्याचदा कंबरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतात, चाललं तरी थांबत नाहीत आणि दर तासाला वाढत जातात. अंतर मोजताना एक चूक हमखास होते. कळ संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजलं जातं. मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. कागदावर दोन रकाने करा, कळ कधी सुरू झाली आणि किती सेकंद टिकली. पहिलटकरणीला कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येकी सुमारे १ मिनिट, असं तासभर चाललं की निघायची वेळ झाली. तोवर घरीच मऊ भात, पेज, केळं असं हलकं खा, कोमट पाण्याने अंघोळ करा आणि दोन-दोन तासांनी लघवीला जा. दुसरेपण असेल तर आधीच निघा. आधीचं सिझेरियन असेल तर कळा सुरू होताच निघा.

हा ५ मिनिटांचा हिशेब हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असेल तेव्हाचा. ठाण्यात घर ओवळा-कासारवडवलीला आणि हॉस्पिटल नौपाड्यात असेल, तर घोडबंदर रोडवर सकाळी माजिवड्याकडे येताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागतो. अशा वेळी ७-८ मिनिटांच्या अंतरालाच निघा. ऐरोली-घणसोलीकडच्यांना ठाणे-बेलापूर रोडचं, शिळफाट्याकडच्यांना तिथल्या कोंडीचं तेच. ३५-३६व्या आठवड्यात एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री हॉस्पिटलपर्यंत जाऊन किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. रात्री कोणत्या गेटने आत घेतात तेही बघा. पावसाळ्यात पाणी तुंबणारा रस्ता टाळून दुसरा रस्ता ठरवा. मोबाइलवरून बोलावलेली कॅब ऐनवेळी रद्द होते, म्हणून ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर जवळ असू द्या. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर नवऱ्याच्या आणि आईच्या किंवा सासूबाईंच्या फोनमध्येही हवेत.

चिकट, किंचित रक्ताची छटा असलेला स्राव गेला तर त्यासाठी धावपळ नको. कळा त्याच दिवशी सुरू होतील किंवा काही दिवसांनी. पाणी गेलं तर मात्र कळा नसल्या तरी निघायचं. पाणी गेलं की लघवी झाली, असा घोळ होतो. स्वच्छ पांढरं पॅड लावून अर्धा तास पडून राहा आणि मग उभ्या राहा. परत ओघळलं आणि लघवीचा वास नसला, तर ते गर्भजल समजा. वेळ आणि रंग लिहून ठेवा. रंग हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने आतच शी केलेली असू शकते. मग पॅडची परीक्षा करत बसू नका, तडक निघा. योनीमार्गात नाळेसारखं काही हाताला लागलं, तर गुडघे आणि छाती टेकून कंबर वर ठेवा आणि १०८ला फोन लावायला सांगा.

लालभडक रक्त, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, ताप, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज. यांतलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही.

तूप प्यायल्याने वाट मोकळी होत नाही, नुसतं वजन वाढतं. कळा याव्यात म्हणून एरंडेल घेऊ नका. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि ऐन बाळंतपणात थकवा येतो.

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशी, नेरूळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त मोफत असतं. तिथेही नाव आधी नोंदवलेलं असावं. खासगीत कॅशलेस विमा असेल तर कागद विमा डेस्कवर आधीच देऊन ठेवा.

बॅगेत फार काही लागत नाही: समोरून उघडणारे दोन गाऊन, मोठी पॅड, चप्पल, धुतलेली सुती झबली, लंगोट, टोपी. फाइल मात्र बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवा. त्यात रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचे रिपोर्ट हवेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. लेबर रूमच्या दारात सिस्टर विचारतील त्याआधीच सांगा: कळा कधीपासून, पाणी किती वाजता गेलं, रंग कसा होता, बाळ शेवटचं कधी हललं आणि शेवटचं काय, केव्हा खाल्लं.