थंडीनंतर मोगरा, जास्वंद फुटत नाही? सोलापूरच्या गच्चीवर काय करायचं

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपत आली की प्रश्न सुरू होतात, मोगरा काय फुटंना बघा, जास्वंदाची पानं पिवळी पडून गळालीत, काढून टाकू का. काढू नका, निदान फेब्रुवारी संपेपर्यंत तरी नको. आपल्याकडं थंडी काय फार नसते, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१५ अंशांवर येतो, पण मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, अडेनियम ही सगळी उबेतली झाडं, त्यांना तेवढंही पुरतं. वाढ थांबते, मुळं पाणी कमी ओढतात आणि आपण मात्र मे महिन्यासारखं रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतच राहतो. माझं तर मत आहे की या दिवसात गेलेली झाडं थंडीनं कमी आणि पाण्यानं जास्त गेलेली असतात.

आधी झाड जिवंत आहे का ते बघा. काडीच्या टोकाजवळ नखानं साल हलकेच खरवडायची, खाली हिरवं ओलसर दिसलं तर काडी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर तिथपर्यंत ती वाळलेली. मग थोडं खाली खरवडायचं, अजून खाली, असं करत जिथं हिरवं लागेल तिथल्या डोळ्याच्या (जिथनं फूट येते ती गाठ) जरा वर तिरका काप घ्यायचा. बऱ्याच वेळा वरची वीतभर काडी वाळलेली असते आणि बुंधा चांगला असतो. अडेनियमचं खोड दाबून बघा, टणक असेल तर ते झोपलंय, बाकी काही नाही. मऊ पिचपिचीत लागलं तर आत कुजलंय. हात धुवा त्यानंतर, त्याचा चीक विषारी असतो.

आता पाणी. कुंडीत आपली काळी माती भरली असेल तर एक भानगड होते जी पटकन लक्षात येत नाही. माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, करंगळी जाईल एवढी फट पडते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि कुंडीखालच्या ताटलीत येतं. आपल्याला वाटतं वा, पाणी खालपर्यंत पोचलं, आणि मुळांचा गोळा आत ठणठणीत कोरडा! खुरप्यानं वरची माती मोकळी करा, फट बुजवा, मग थोडं पाणी, दहा मिनिटं थांबून परत थोडं. याच्या उलट प्रकार म्हणजे वरून वाळलेली दिसणारी माती आत चिकट ओली. म्हणून बोट दोन पेरं आत घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी. कायमचा उपाय म्हणजे काळी माती एकटी वापरायचीच नाही, तांबडी माती, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं.

मोगऱ्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त रडारड त्याचीच असते. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. जुन्या काड्या तशाच ठेवल्या की वरवर दोन-चार पानं येतात आणि कळी उशिरा किंवा नाहीच. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात आणि मग बहार धरतात ना, तसंच थोडं इथं करायचं. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडा, कुंडी असेल तर आठ-दहा दिवस पुरे, पानं मलूल होऊन गळायला लागतात, राहिलेली हातानं काढा. मग निम्म्यापर्यंत छाटा, वाळक्या, बारीक आणि एकमेकांत गुंतलेल्या काड्या बुडातूनच काढा. वरची दोन बोटं माती उकरून दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. साधारण दोन-तीन आठवड्यांत नवे कोंब दिसतात, मार्चअखेरपासून कळ्या. ऊन पाहिजे पण, किमान पाच-सहा तास. शेजारच्या बिल्डिंगच्या सावलीत ठेवून खत कितीही घाला, काही होत नाही. आणि युरिया तर नकोच, झाड हिरवंगार होतं, लोक येऊन छान आहे म्हणतात आणि फूल एक नाही.

फेब्रुवारीचे पहिले पंधरा दिवस हुकले तर? मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हलकी छाटणी चालते. त्यानंतर मोठी छाटणी करू नका, कारण कोवळी फूट बाहेर येते आणि पारा ३८-४० कडे चढलेला असतो, पानांच्या कडा करपतात. आपल्याकडं थंडी आणि उन्हाळा याच्यात मोकळा काळ लई कमी मिळतो, खरी अडचण तीच आहे, कामं त्यातच उरकावी लागतात.

जास्वंदावर या दिवसात पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडासा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं परत. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा पण बंदोबस्त करा, ढेकूण सोडतात तो चिकट गोडवा मुंग्यांना पाहिजे असतो म्हणून त्या ढेकणांना सांभाळतात, मुंग्या राहिल्या की ढेकूण परत आलेच.

पिवळ्या पानांचे दोन प्रकार असतात, गल्लत करू नका. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतायत तर थंडी, जास्त पाणी किंवा उपासमार. वरची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी पडतंय. लोह मातीत असतं पण आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात झाडाला ते उचलता येत नाही. गंजके खिळे पुरून काही होत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, मातीत घालायचं असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीएवालं फवारणीला. प्रमाण पाकिटावरचं, वाढवून नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर आला असेल तर तो क्षाराचा, वरची माती खरवडून काढा आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी खालून भरपूर निघेपर्यंत एकदा कुंडी धुऊन घ्या. नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहितीय, पण महिन्यातनं एकदा जमतं.

तुळशीचं लग्न झालं की तुळस वाळायला लागते त्यात अपशकुन वगैरे काही नाही. मंजिऱ्या भरल्या, बी धरलं, वर थंडी, आणि पूजेचं रोजचं पाणी-दूध मुळाशी. मंजिऱ्या खुडा, पाणी कमी करा, थोडं बी जपून ठेवा आणि फेब्रुवारीअखेर पेरा.

काही झाडं मुळातच उशिरा येणारी, त्यांच्या मागं लागू नका. पांढरा चाफा नुसत्या बोडक्या फांद्या घेऊन उभा असतो, मार्च-एप्रिलमध्ये जागा होतो. मे महिन्यात येणारी फुटबॉल लिली थंडीत पूर्ण गायब होते, कुंडी रिकामी समजून त्यात दुसरं झाड लावणारे बरेच बघितलेत, कांदा कापला जातो बिचारा. पारिजातक पावसाळ्यानंतरचा, त्याच्याकडं आत्ता फूल मागून उपयोग नाही. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची, आता फक्त सुकलेली फुलं काढत राहायची. बोगनवेल हिरवी माजली असेल तर पाणी तोडा, तिला हाल केलेलेच मानवतात.

नवी फूट आली की उन्हाची तयारी लगेच. स्लॅब तापतो त्यामुळं कुंड्या विटांवर ठेवा, गावाकडनं उसाचं पाचट मिळालं तर बारीक करून मातीवर दोन बोटं अंथरा, आणि एप्रिलपासून कोवळ्या झाडांवर ५० टक्के सावलीची हिरवी नेट.

एवढं करून पाडव्यापर्यंत बुंध्यातनं काहीच आलं नाही आणि नखाखाली सगळीकडं कोरडंच, तर मग उपटा. मुळं काळी पडून वास येत असेल तर ती माती लगेच दुसऱ्या कुंडीत घालू नका. गच्चीवर पसरा, ओली करा, पारदर्शक प्लास्टिकनं झाकून कडा दाबून टाका आणि एप्रिलचं ऊन महिनाभर खाऊ द्या, मग शेणखत मिसळून वापरा. कुंडी पण आतून घासून उन्हात पालथी घाला.