युद्ध स्मारक बांधताय? मग आधी पोरांना बसायला सावली द्या

आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात पहाटे पाचला कुठल्याही गावाच्या रस्त्याने निघा, भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. आणि चौकात स्मारक असलंच तर ते रेलिंगमध्ये कोंडलेलं, कुलूप लावलेलं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टलाच उघडणारं. पोरं रोज त्याच्या शेजारून पळत जातात, आत कोणी बघत नाही, आणि आपण भाषणात सांगतो की तरुणांना काही पडलेलं नाही.

म्हणून पहिलं काम जागेचं. चौक नको, गाड्यांच्या मधोमध कोण थांबणार. पोरं जिथे आधीच जमतात तिथे बांधा, म्हणजे शाळेचं ग्राउंड नाहीतर गावाबाहेरचं गायरान. जागा असेल तर स्मारकाच्या मंडपाभोवती मुरमाची 200 मीटरची धावपट्टी आखा, सिमेंटची नको, नडग्या दुखतात. आर्मी भरतीची धाव 1600 मीटरची असते, म्हणजे बरोब्बर आठ राउंड. पट्टीच्या कडेला ओळीने आपल्या युद्धांच्या सालांचे पाच दगड लावा: 1948, 1962, 1965, 1971, 1999. रोज आठ वेळा ते दगड नजरेखालून गेले की सनावळी वेगळी पाठ करायला लागत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

आता माझी चूक सांगतो. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम मेमोरियल, म्हणजे व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक, फोटोत बघून मी भारावलो होतो. ते डिझाइन केलं तेव्हा माया लिन कॉलेजात शिकणारी 21 वर्षांची पोरगी होती, 1982 मध्ये ते उभं राहिलं, काळ्या पॉलिश ग्रॅनाइटवर 58,000 च्या वर नावं आणि वाचणाऱ्याला नावांमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो. मीही आमच्याकडे तसाच काळा ग्रॅनाइट लावला, बाकंसुद्धा त्याचीच. एप्रिलमध्ये पहिलं पोरगं बसलं आणि उडालंच, "चटका लागस ना भो!" भिंतीवर अशी चमक की दुपारी एक अक्षर वाचता येईना. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण फोटो बघताना डोक्यात आलंच नाही.

तर खान्देशात डिझाइनची सुरुवात उन्हापासून करा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत गार का वाटतं, तर जाड भिंती, मातीचं छत आणि पुढे ओसरी. तेवढं तर जमणार नाही, पण ओसरीचं तत्त्व घ्या. पत्रा अजिबात नको, भट्टी होते. स्लॅब टाकला तर 11-12 फूट उंच घ्या आणि वर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे टाइल्सचे तुकडे, बसवा, ऊन परत फेकलं जातं. पश्चिमेला विटांची जाळी करा, म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन अडतं आणि वारा चालू राहतो. उत्तर-दक्षिण मोकळी ठेवा. बसायला सावलीतला सिमेंटचा ओटा, दीड फूट उंच, टेकायला भिंत. बाहेर कडुनिंब आजच लावा, बांधकाम संपायची वाट बघू नका. रात्री सोलरचा दिवा आणि एक चार्जिंग पॉइंट दिलात तर अभ्यासाला येणारी पोरंही तिथेच बसतील. काही ज्येष्ठांना हे आवडणार नाही, पावित्र्य वगैरे म्हणतील, त्यांना सांगा की रिकाम्या जागी कुत्री झोपतात.

नावांची भिंत उत्तरेकडे तोंड करून घ्या, वर तीन फुटांचा छज्जा, दगड पॉलिश न केलेला. अक्षरं कोरून त्यात रंग भरा, स्टिकर उन्हात उडतात. अक्षर निदान इंचभर तरी हवं, देवनागरीत मात्रा-वेलांट्या असतात, बारीक कोरलं की सगळं एक होतं. नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासा. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधता येतं. आणि कोरण्याआधी कागद घरच्यांना दाखवा, वीरमातेला, वीरपत्नीला, दोनदा. दगडावरचा ऱ्हस्व-दीर्घ खोडरबरने पुसता येत नाही. काय सांगायचं आणि काय नाही तेही त्यांनाच ठरवू द्या, मृत्यूचा तपशील आपण मसाला लावून लिहायचा नसतो.

गोष्ट कशी सांगायची याचा नमुना आपल्याकडेच आहे, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन जातायत, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य, वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं. तसेच प्रत्येकाचे तीन चौकोन करा: गावातला पोरगा, वर्दीतला जवान, आणि आज त्याच्या घरचे. पहिल्या चौकोनावर जास्त मेहनत घ्या, कबड्डीत कसा होता, केळीच्या बागेत कामाला जायचा का, कारण पोरांना स्वतःसारखा कोणी दिसला तरच ती थांबतात.

क्यूआर कोड लावायचाच तर एनॅमलच्या पाटीवर, अडीच-तीन इंचांचा, सावलीत. त्यामागे व्हिडिओ नको, नेट रडतं. दीड मिनिटाचा आवाज ठेवा, मित्राचा किंवा भावाचा, अहिराणीत. लिंक एखाद्या पोराच्या खात्यावर ठेवू नका, तो पुण्याला नोकरीला गेला की बंद पडते.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र कशाला होते माहितीये? 20 किलोच्या पिठ्ठूला, म्हणजे जवान पाठीवर घेतात त्या सॅकला. वाळू भरलेली जुनी सॅक साखळीने बांधून ठेवा, शेजारी दहा पायऱ्या, आणि पाटीवर एवढंच: टायगर हिल 16,000 फुटांहून उंच, कारगिलमध्ये जवान असलं ओझं घेऊन रात्री चढले. बाजूला थर्मामीटर लावा आणि त्याखाली लिहा, सियाचीनला पारा -50 पर्यंत उतरतो. मे महिन्यात घाम पुसत ते वाचणारं पोरगं एक मिनिट गप्प होतंच. रविवारी एखादे फौजी आबा ओट्यावर येऊन बसले तर सोन्याहून पिवळं, फक्त त्यांना माईक देऊ नका, माईक हातात आला की त्यांचंही भाषण होतं.

झेंडा एकच ठेवा आणि तो कोण बघणार ते नावानिशी ठरवा, फाटलेला वर राहता कामा नये. सॅकची शिलाई दर दोन महिन्यांनी उसवते, तिचा खर्च आधीच धरा.

आणि उद्घाटनाची कोनशिला. ती लागणारच, वाद घालू नका. फक्त जागा तुम्ही ठरवा: मागच्या पायरीच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, जिथे पोरं चपला काढतात.