डीबीव्हरमध्ये होस्टच्या रकान्यात नेमकं काय भरायचं?

डीबीव्हर म्हणजे डेटाबेसला जोडून त्यातला डेटा बघायचं सॉफ्टवेअर. समजा गुळाच्या अडतीचं बिलिंग मार्केट यार्डातल्या पीसीवर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे आणि रिपोर्ट राजारामपुरीत घरी बसून काढायचाय. त्यासाठी राउटरवर मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट उघडं टाकू नका. डीबीव्हरच्या कनेक्शन सेटिंगमध्येच एसएसएच टनेलची, म्हणजे दोन मशीनमधल्या एन्क्रिप्टेड वाटेची सोय आहे, ती वापरा. एसएसएचला पासवर्डऐवजी की-फाइल लावलेली बरी.

घोळ होतो तो होस्टच्या, म्हणजे मशीनच्या पत्त्याच्या रकान्यात. एसएसएचच्या भागात यार्डातल्या मशीनचा बाहेरून लागणारा पत्ता आणि पोर्ट, सहसा २२. मुख्य भागात मात्र १२७.०.०.१ आणि ३३०६. हा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा नव्हे. टनेलच्या पलीकडच्या टोकावरून, म्हणजे यार्डातल्या पीसीवरून बघितलं तर डेटाबेस जिथं आहे तिथला. दोन्हीकडे बाहेरचाच आयपी टाकला की गाडी बहुतेकदा 'कनेक्शन रिफ्यूज्ड'वर अडते आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो. म्हणून आधी टनेल एकटाच टेस्ट करा, मग 'टेस्ट कनेक्शन' दाबा.

मायएसक्यूएल ८ असेल तर 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' असं येऊ शकतं. ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' ट्रू करा. टनेलमधून जाताना हे चालतं, उघड्या नेटवर्कवर टाळाच.

आणि रूटनं, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरनं लॉगिन नको. नुसत्या रिपोर्टसाठी सिलेक्टपुरता (फक्त डेटा वाचण्याचा) हक्क असलेला वेगळा युजर काढा, कनेक्शनही रीड-ओन्ली ठेवा. सौदे चालू असताना चुकून एखादं अपडेट चाललं तर दिवाणजी फोन करणारच.