तरंगणे आणि बुडणे : या चुका टाळा

तापीकाठी केळीचे खांब एकत्र बांधून त्यावर पाण्यात उतरणारी मुले वर्गात आल्यावर ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ असे उत्तर लिहितात, ही गोष्ट मला आजही नीट पचलेली नाही.

एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या दोन विद्यार्थ्यांनी सुमारे 18 किलोचा केळीचा खांब मळ्यातून खांद्यावरून आणला, तेव्हा दोघेही घामाने निथळत होते. हौदात खांब तरंगला आणि शेजारी सोडलेले एक रुपयाचे नाणे तळाशी गेले. परीक्षकांनी कारण विचारताच थोरला म्हणाला, ‘‘हलका शे म्हणून, सर.’’ अर्ध्या तासापूर्वी त्याच खांबाखाली तो वाकला होता! वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. केळीच्या खांबात हवेच्या असंख्य पोकळ्या असल्याने तो पुरता बुडण्याआधीच 18 किलो पाणी सारून होते आणि तो तिथेच स्थिरावतो. नाणे पोलादाचे असते. त्याने सारलेले पाणी त्याच्या वजनाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याचे भरते. त्या प्रदर्शनापासून हा धडा संपेपर्यंत माझ्या वर्गात ‘जड’ आणि ‘हलके’ या शब्दांना बंदी असते.

दुसरी चूक जाणती माणसेही करतात, ती म्हणजे वस्तूला चिकटलेली हवा विसरणे. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने घरची सरकी बादलीत टाकली, जवळजवळ सगळी वर आली आणि ‘बी पोचट निघाले’ म्हणून तो ती गुरांना घालायला निघाला. सरकीवरच्या लवेत हवा अडकते आणि चांगले बीसुद्धा तरंगते. शेणकाल्यात चोळून लव बसवल्यावर तीच सरकी पुन्हा पाण्यात टाकली, तेव्हा बहुतेक बी खाली बसले. प्रयोगशाळेतही मी वस्तू आधी भिजवतो, बोटाने बुडबुडे पुसतो आणि मगच मोजमाप घेऊ देतो. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी सरळ पुस्तकातला आकडा उतरवावा, निदान पाणी तरी सांडणार नाही.

अंडे तरंगवण्यासाठी चमचाभर मीठ पुरत नाही. 200 मिलिलिटर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम लागते आणि ते पूर्ण विरघळावे लागते. न ढवळल्यास खारे पाणी तळाशी राहते, अंडे मध्येच थांबते आणि मुले त्यालाच निष्कर्ष समजतात.

पूर्ण बुडालेली वस्तू आणखी खोल नेली म्हणून प्लावक बल वाढत नाही. खोलीबरोबर वाढतो तो दाब. दुग्धमापी (दुधाची घनता मोजणारे तरंगते उपकरण) भांड्याच्या कडेला टेकलेला असताना वाचन घेऊ नये. वस्तूने सारलेले पाणी मोजण्याच्या तोटीच्या भांड्यात वस्तू सोडण्याआधी तोटीचा शेवटचा थेंब पडू द्यावा.

ताणकाट्याला टांगलेला दगड तळाला टेकला की काट्यावरचा आकडा एकदम कमी होतो आणि गट आनंदाने तो आकडा वहीत लिहितो. तो भार तळाने उचललेला असतो, पाण्याने नव्हे. त्यामुळे दगडाखाली दोन बोटे जागा आहे की नाही, हे मी प्रत्येक टेबलाशी स्वतः वाकून पाहतो.