द्राक्ष निर्यातीत ‘रेसिड्यू’चं काम शिकताना

जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिक-सांगली पट्ट्यातून द्राक्षांचे कंटेनर युरोपकडे निघतात. मालातला ‘रेसिड्यू’, म्हणजे फवारलेल्या रसायनांचा उरलेला अंश, मर्यादेत आहे ना हे पाहण्याच्या कामात कृषी, फूड टेक्नॉलॉजी किंवा रसायनशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली बरीच असतात. कोणी निर्यातदाराकडे फील्ड ऑफिसर, कोणी पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला, कोणी प्रयोगशाळेत. पहिल्या हंगामात बहुतेकांचा समज असतो की लॅबचा रिपोर्ट ‘पास’ आला म्हणजे माल सुरक्षित. हा समज लवकर सुटायला हवा. लॅब तिच्या यादीत असलेली रसायनंच शोधते. बागेत प्रत्यक्षात काय पडलं, हे फवारणीच्या वहीत असतं.

२०१० सालचं प्रकरण प्रत्येक नवख्याने नीट समजून घ्यावं. त्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, कारण मण्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. हे वेलीची वाढ रोखणारं रसायन, बागायतदार याला ‘सीसीसी’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडेवाढ आवरून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरलं जायचं. म्हणजे फवारणी आणि काढणी यांत आठ-दहा महिन्यांचं अंतर. तरीही ते वेलीच्या लाकडात टिकून राहिलं आणि पुढे मण्यांत उतरलं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच. शिवाय ते पाण्यात विरघळणारं, आयनिक (विद्युतभारित) रसायन. एकाच वेळी शेकडो कीडनाशकं शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते द्रावकात येत नाही, पाण्याच्या थरातच राहतं. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळं निष्कर्षण करावं लागतं. रिपोर्ट खोटे नव्हते. त्यांत हा प्रश्नच विचारलेला नव्हता, आणि त्याची किंमत बागायतदारांनी मोजली.

आता मर्यादांविषयी. युरोपीय संघाचा ३९६/२००५ हा नियम प्रत्येक रसायन आणि प्रत्येक पीक यांच्या जोडीसाठी एमआरएल, म्हणजे कमाल अवशेष मर्यादा, ठरवतो. ज्या जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे सहसा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरतात. १३ टनांच्या कंटेनरमध्ये हे मिळून १३० मिलिग्रॅम होतं, चिमूटभरही नाही. त्यामुळे ‘थोडंसं मारलं होतं’ या वाक्याला इथे जागा नाही.

एकच द्राक्ष वाशीच्या बाजारात चालतं आणि नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात अडतं, असं का? देशांतर्गत मर्यादा एफएसएसएआय, म्हणजे भारताचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, ठरवते. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६३ पासून कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची मानकं आहेत. पण जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला, अन्नसुरक्षा आणि वनस्पती-प्राण्यांच्या आरोग्याच्या नियमांविषयीचा एसपीएस करार प्रत्येक देशाला, शास्त्रीय आधार दाखवून, त्याहून कडक नियम करू देतो. हे नियम बदलतही राहतात. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मर्यादा युरोपने १३ नोव्हेंबर २०२० पासून ०.०१ पर्यंत खाली आणली. आदल्या हंगामाचा तक्ता भिंतीवर लावून ठेवणाऱ्याला असा बदल महागात पडतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनच्या मर्यादा वेगळ्या ठरतात, तेव्हा ‘युरोपला चालतं म्हणजे लंडनलाही चालेल’ असं गृहीत धरू नका. त्यावर जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश मान्य करतात आणि एकूण किती रसायनं सापडलेली चालतील तेही ठरवून देतात. छाटणीपूर्वी ग्राहक कोण, हे विचारा. फवारणीचं वेळापत्रक त्यावरच बसवायचं असतं.

फील्डवर सर्वांत जास्त गोंधळ पीएचआयचा होतो. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते. हा आकडा ठरावीक मात्रेसाठीच काढलेला असतो. समजा, फवारणीनंतर मण्यांवर १.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो अंश आहे आणि तो दर ५ दिवसांनी निम्मा होतो. ०.०५ पर्यंत यायला पाच वेळा निम्मा व्हावा लागेल, म्हणजे २५ दिवस. बागायतदाराने मात्रा दुप्पट केली तर आणखी ५ दिवस. तीच फवारणी दोनदा पाठोपाठ केली, तर आधीचा शिल्लक अंशही जमेला धरायचा. मणी लहान असताना केलेली फवारणी मणी फुगताना आपोआप विरळ होते, पण मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागल्यावर, हा फायदा कमी होतो. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला की भुरी-डावणी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने हात लगेच पंपाकडे जातो. हंगामातली सर्वांत अवघड बोलणी तेव्हाच होतात. बागायतदाराचं वर्षभराचं पीक डोळ्यांसमोर असतं. त्याला नुसतं ‘मारू नका’ म्हणून चालत नाही, काय मारता येईल हे सांगता आलं पाहिजे.

युरोपसाठी आपली पद्धत अशी चालते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यानंतर अवशेष नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे अपेडाची (केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची) ग्रेपनेट ही ऑनलाइन माग काढण्याची व्यवस्था आली. कृषी विभागाकडे बागेची प्लॉटनिहाय नोंदणी होते. ‘अनेक्श्चर ५’ ही शिफारस केलेल्या औषधांची यादी, तर ‘अनेक्श्चर ९’ ही तपासायच्या रसायनांची. दोन्ही दर हंगामाला नव्याने उतरवून घ्या. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त लॅबचा माणूस स्वतः येऊन नमुना घेतो, बागायतदाराने आणून दिलेला चालत नाही. नमुना नापास झाला तर तो प्लॉट ग्रेपनेटवरच थांबतो. पास झाला तर अपेडामान्य पॅकहाऊस, दर्जाचं अ‍ॅगमार्क प्रमाणपत्र आणि शेवटी माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, अशी वाट.

नमुना घेणं हे हलकं काम समजू नका. युरोपीय पद्धतीनुसार २५० ग्रॅमपेक्षा मोठ्या घडांचा प्रयोगशाळेतला नमुना किमान ५ घडांचा आणि २ किलोंचा लागतो. बांधाच्या कडेचेच घड तोडले तर शेजारच्या टोमॅटोवरून उडून आलेलं औषध सापडेल, फक्त मधले तोडले तर ते सुटेल. प्लॉटभर तिरकं फिरून, मांडवाच्या आतले-बाहेरचे दोन्ही घड घ्या.

लॅबमध्ये त्या २ किलोंतले १० ग्रॅमच परीक्षानळीत जातात, म्हणून लगदा एकजीव होणं ही पहिली अट. नमुन्यातून कीडनाशकं वेगळी काढण्याच्या मूळ क्वेचर्स पद्धतीत १० ग्रॅम लगद्याला १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालून हलवतात, सेंट्रिफ्यूज करून वरचा थर स्वच्छ करून यंत्रावर घेतात. क्षार पडताच मिश्रण गरम होतं आणि क्षाराचे खडे बनतात. लगेच जोरात हलवलं नाही तर रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या रसायनापैकी किती परत सापडलं ते प्रमाण, घसरते. ती सरासरी ७० ते १२० टक्क्यांत असावी लागते. आणि रिपोर्टवरचा आकडा नेमका कधीच नसतो. युरोपीय मार्गदर्शनात अनिश्चितता ५० टक्के धरतात, म्हणजे ०.०४ चा अर्थ ०.०२ ते ०.०६. तिथली यंत्रणा कारवाई करताना ही सूट निर्यातदाराला देते. तुम्ही माल पाठवताना मात्र वरचा आकडा धरा. मर्यादा ०.०५ असताना ०.०४ आलेला प्लॉट आठवडाभर थांबवून पुन्हा तपासणं शहाणपणाचं.

अनपेक्षित अंश येतात कुठून? फवारणी-यंत्राच्या टाकीत उरलेल्या द्रावणातून, शेजारच्या शेतातून, आणि बऱ्याचदा ‘सेंद्रिय’ किंवा ‘टॉनिक’ म्हणून विकलेल्या बाटलीतून. लेबलवर घटक न लिहिलेलं कोणतंही उत्पादन निर्यातीच्या बागेत जाऊ देऊ नये. शंका असेल तर ती बाटलीच लॅबला पाठवा. वहीत बाटलीचं नाव पुरत नाही. सक्रिय घटक, बॅच क्रमांक, एकरी मात्रा, पाणी आणि तारीख हवी.

पॅकहाऊसमध्ये गोष्ट तापमानाची. काढणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंगने (झटपट थंड करून) माल ४ अंशांपर्यंत उतरवायचा, पुढे ० ते १ अंश सेल्सिअस आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड बुरशी रोखतो, पण माल ओला किंवा कोमट असताना पॅड लावला तर वायू एकदम सुटतो, मणी पांढरे पडतात आणि मण्यांतला त्याचा अंश १० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या पलीकडे जाऊ शकतो.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. लॅबसाठी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आणि आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाची ओळख, पॅकहाऊससाठी एचएसीसीपी ही अन्नातले धोके रोखण्याची पद्धत, फील्डसाठी ग्लोबल गॅप हे शेतीपद्धतींचं मानक आणि कृषीची पदवी उपयोगी पडते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी वाचायची सवय लावा. सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर अन्न तंत्रज्ञान, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र अशा पदव्या किंवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते.

नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात एक सराव करा. कोल्ड स्टोरेजमधला कोणताही एक पनेट (द्राक्षांचा छोटा प्लास्टिक डबा) उचला आणि त्यावरच्या कोडवरून पेटी, पॅलेट, पॅकिंगची तारीख, प्लॉट, लॅब रिपोर्ट आणि फवारणीची वही इथपर्यंत उलटं जा. युरोपचा १७८/२००२ हा कायदा प्रत्येक व्यवसायाकडून एक पाऊल मागचा आणि एक पाऊल पुढचा माग मागतो. मालात दोष सापडल्याचा अलर्ट आला की उत्तराला आठवडा मिळत नाही. जिथे साखळी तुटेल, बहुधा दोन प्लॉटचे क्रेट एकाच टेबलावर पॅक होतात तिथे, ती जागा त्याच दिवशी लिहून व्यवस्थापकाच्या हातात द्या आणि पुढच्या पॅकिंगआधी प्रत्येक प्लॉटला वेगळा टेबल मागून घ्या.